टॉलेमीवर शंका घेणारे : मुस्लिम खगोलशास्त्रज्ञांनी आकाशाचं चित्र कसं बदललं?

शाबान महिन्याची 29 तारीख आली की मगरिबच्या सुमारास आपल्या मोहल्ल्यात गच्च्या भरतात. लहान-थोर सगळे पश्चिमेकडे डोळे लावून उभे असतात. "चांद दिसला का?" हा प्रश्न फोनवरून गावोगावी फिरतो. आकाशाशी आपलं नातं असं रोजच्या जगण्यातलं आहे. पाच वेळच्या नमाजच्या वेळा सूर्यावरून ठरतात, महिने चंद्रावरून ठरतात, आणि किबल्याची दिशा काढायची तर पृथ्वीच्या गोलाचं गणित लागतं.

पण याच आकाशाविषयी आपल्या पूर्वजांनी नेमका काय विचार केला, हे विचारलं तर आपल्याकडे दोनच उत्तरं ऐकू येतात. मोबाईलवर फिरणारे मेसेज सांगतात की सगळे शोध मुसलमानांनीच लावले, युरोपनं ते चोरले. दुसरी बाजू म्हणते, अरबांनी काय केलं? ग्रीकांची पुस्तकं भाषांतर करून जपून ठेवली, एवढंच. ही दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. खरा इतिहास या दोन्हींपेक्षा जास्त रंजक आहे आणि त्यातून शिकण्यासारखंही खूप आहे. म्हणून हा विषय थोडा सविस्तर मांडत आहोत.

जुनं चित्र : मध्यभागी पृथ्वी

इ.स.पूर्व चौथ्या शतकात ग्रीक विचारवंत ॲरिस्टॉटलनं विश्वाचं एक चित्र मांडलं. मध्यभागी स्थिर पृथ्वी, आणि तिच्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकात एक बसलेले गोल. या गोलांवर चंद्र, सूर्य, ग्रह आणि शेवटी तारे जडवलेले. हे गोल आपल्या केंद्राभोवती एकसारख्या गतीनं फिरतात. त्यात कमी-जास्त वेग नाही, थांबणं नाही. पुढच्याच शतकात ॲरिस्टार्कसनं सूर्य मध्यभागी असल्याची कल्पना मांडली होती, पण ती कुणी फारशी मनावर घेतली नाही. पृथ्वी फिरत असेल तर आपल्याला ते जाणवत का नाही, हा त्या काळी साधा आणि वाजवी प्रश्न होता.

अडचण अशी की ग्रह या चित्राप्रमाणे वागत नाहीत. मंगळ काही महिने ताऱ्यांमधून पूर्वेकडे सरकतो, मग थबकतो, काही आठवडे उलटा चालतो आणि पुन्हा सरळ चालू लागतो. इ.स. 150 च्या सुमारास इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात टॉलेमीनं यावर उपाय काढला. अरबीत त्याला बतलमयूस म्हणतात. त्यानं सांगितलं की ग्रह एका छोट्या वर्तुळावर फिरतो आणि त्या छोट्या वर्तुळाचं केंद्र पृथ्वीभोवतीच्या मोठ्या वर्तुळावर फिरतं. त्याच्या ग्रंथात 1022 ताऱ्यांची यादी होती आणि ग्रहांची जागा आधीच सांगता येईल असे तक्तेही होते. हा ग्रंथ अरबीत 'अल-मजिस्ती' नावानं गाजला आणि त्या नावावरूनच युरोपनं त्याला 'अल्माजेस्ट' म्हटलं.

टॉलेमीचं गणित बऱ्यापैकी जुळायचं. मात्र ते जुळवण्यासाठी त्यानं एक खटपट केली होती. मोठ्या वर्तुळावरची गती वर्तुळाच्या केंद्रापासून पाहिली तर एकसारखी नव्हती, पृथ्वीवरूनही नव्हती. ती एकसारखी दिसायची एका तिसऱ्याच, बाजूला असलेल्या काल्पनिक बिंदूवरून. या बिंदूला पुढं 'इक्वंट' हे नाव पडलं. आता विचार करा, कुंभाराचं चाक आपल्या खुंटीभोवती एकसारखं फिरेल हे समजतं. पण खुंटी सोडून भलत्याच ठिकाणापासून मोजल्यावरच त्याची गती एकसारखी भरते, असं चाक खरोखर कसं असेल? हा प्रश्न पुढं शेकडो वर्षं विद्वानांना सतावत राहिला.

बगदादमध्ये आलेलं हिंदुस्थानी ज्ञान

इ.स. 762 मध्ये खलिफा अल-मन्सूरनं बगदाद वसवलं. त्यानंतर दहा-बारा वर्षांच्या आतच हिंदुस्थानातून एक शिष्टमंडळ बगदादला गेलं आणि त्यांच्यासोबत संस्कृतमधला एक खगोलग्रंथ होता. ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतला हा 'सिद्धांत' अल-फजारीनं अरबीत उतरवला. 'सिद्धांत' या शब्दाचा अरबी उच्चार झाला 'सिंदहिंद'. पुढं नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मीनं जे ग्रहांचे तक्ते तयार केले, त्यांचं नावच 'झीज अल-सिंदहिंद' आहे. (खगोलीय तक्त्यांच्या ग्रंथाला 'झीज' म्हणतात. हा शब्द या लेखात पुन्हा पुन्हा येईल.)

म्हणजे अरबी खगोलशास्त्राच्या पायात ग्रीक दगड आहेत तसे आपल्या हिंदुस्थानचेही आहेत. इराणी तक्तेही त्यात होते. हिंदुस्थानात तोवर बरीच मजल मारलेली होती. आर्यभटानं इ.स. 499 मधल्या 'आर्यभटीय' ग्रंथात पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं सांगितलं होतं आणि ग्रहणं सावल्यांमुळं होतात हेही स्पष्ट केलं होतं. ब्रह्मगुप्तानं इ.स. 628 मध्ये पृथ्वी फिरण्याच्या कल्पनेवर टीका केली. वाद तिथंही होताच.

तीन वेगवेगळ्या परंपरांचे आकडे एकाच टेबलावर आले आणि ते एकमेकांशी जुळेनात, तेव्हा कुणाचं बरोबर हे ठरवण्याचा एकच मार्ग उरला. स्वतः आकाशाकडे बघा आणि मोजा.

मोजमाप सुरू होतं

खलिफा अल-मामूनच्या काळात (इ.स. 813 ते 833) बगदादमधल्या शम्मासियात आणि दमास्कसजवळच्या कासियून डोंगरावर पद्धतशीर निरीक्षणं झाली. सिंजारच्या सपाट मैदानात पृथ्वीचं माप काढण्यासाठी माणसं पाठवली गेली. पद्धत साधी होती. एका ठिकाणी ध्रुवाची उंची मोजायची, मग एका तुकडीनं सरळ उत्तरेला आणि दुसरीनं सरळ दक्षिणेला चालत जायचं. ध्रुव एक अंशानं वर-खाली झाला की थांबायचं आणि चाललेलं अंतर मोजायचं. एका अंशाला सुमारे 56 अरबी मैल अंतर भरलं. त्याला 360 नं गुणलं की पृथ्वीचा घेर मिळाला.

याच परंपरेतला सर्वांत काटेकोर निरीक्षक म्हणजे अल-बत्तानी. आजच्या सीरियातल्या रक्का शहरात त्यानं सुमारे 40 वर्षं आकाश मोजलं. इ.स. 929 मध्ये त्याचं निधन झालं. वर्षाची लांबी त्यानं 365 दिवस 5 तास 46 मिनिटं 24 सेकंद अशी काढली. आजच्या मापापेक्षा हे जेमतेम दोन-सव्वादोन मिनिटांनी कमी आहे. टॉलेमीचं वर्ष सहा मिनिटांहून जास्त चुकलेलं होतं. बत्तानीला आणखी एक गोष्ट सापडली. सूर्य आपल्यापासून सर्वांत दूर असतो ती जागा टॉलेमीनं कायमची ठरलेली मानली होती, ती प्रत्यक्षात सरकलेली होती. शिवाय सूर्याचं बिंब वर्षभर सारखं मोठं दिसत नाही, त्यामुळं कंकणाकृती सूर्यग्रहण होऊ शकतं, हेही त्यानं दाखवलं. टॉलेमीच्या हिशेबात अशा ग्रहणाला जागाच नव्हती.

दहाव्या शतकात अब्दुर रहमान अल-सूफीनं ताऱ्यांचं सचित्र पुस्तक लिहिलं, इ.स. 964 च्या सुमारास. टॉलेमीच्या यादीतला एकेक तारा त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी तपासला. देवयानी नक्षत्रात त्यानं एका लहानशा 'ढगा'ची नोंद केली. तो ढग म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरची एक प्रचंड दीर्घिका आहे, हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. आजही जगभर ताऱ्यांची नावं अरबी आहेत. आपण जिला रोहिणी म्हणतो ती 'अल्डेबरान', म्हणजे 'मागून येणारा', कारण हा तारा कृत्तिकांच्या मागोमाग उगवतो. श्रवणाचं नाव 'अल्टेअर', म्हणजे उडणारा गिधाड.

'शंका' नावाचं पुस्तक

इथवर टॉलेमीचे आकडे दुरुस्त होत होते, पण त्याचं चित्र तसंच होतं. त्या चित्रालाच हात घातला तो इब्न अल-हैसम यानं. बसरा इथं इ.स. 965 च्या सुमारास जन्मलेला हा माणूस पुढं काहिऱ्यात राहिला. प्रकाश आणि दृष्टीवरच्या त्याच्या ग्रंथामुळं तो जास्त ओळखला जातो. पण त्याच्या एका छोट्या पुस्तकाचं नाव आहे 'अल-शुकूक अला बतलमयूस', म्हणजे 'टॉलेमीवरच्या शंका'.

त्यात त्यानं टॉलेमीला आदरानं वागवलं आहे आणि तरीही एकही चूक सोडलेली नाही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : आधीच्या मोठ्या माणसांवर विश्वास टाकणं हा माणसाचा स्वभाव आहे, पण मोठी माणसंही चुकतात. म्हणून सत्य शोधणाऱ्यानं त्यांचं लिखाण वाचताना त्यावर शंका घ्यावी आणि स्वतःच्या विचारावरही शंका घ्यावी. मग त्यानं त्या इक्वंटवर बोट ठेवलं. आकाशात खरेखुरे गोल फिरतात असं टॉलेमी म्हणतो आणि अशी गती सांगतो की जी कुठल्याही खऱ्या गोलाला शक्य नाही. आकडे जुळतात म्हणून अशक्य गोष्ट खरी मानायची का? इब्न अल-हैसमचं उत्तर होतं, नाही. ग्रहांची खरी रचना वेगळी असली पाहिजे आणि ती टॉलेमीला सापडलेली नाही.

त्याला स्वतःला ती सापडली असं नाही. पण प्रश्न नीट मांडला गेला. पुढच्या तीनशे वर्षांचं काम त्या प्रश्नातून निघालं.

बिरूनी आणि फिरणारी पृथ्वी

त्याच काळात ख्वारिझममध्ये जन्मलेला (इ.स. 973) अबू रैहान अल-बिरूनी गझनीच्या महमूदाच्या दरबारात होता. तो हिंदुस्थानात आला, संस्कृत शिकला आणि इ.स. 1030 च्या सुमारास हिंदुस्थानवरचा आपला मोठा ग्रंथ त्यानं पूर्ण केला. त्यात आर्यभटाच्या अनुयायांचं मत, त्यावरची ब्रह्मगुप्ताची टीका, सगळं आहे. बिरूनीनं लिहिलं की पृथ्वी फिरते असं मानलं तरी खगोलशास्त्राचं काही बिघडत नाही. आकाशात दिसणारं सगळं दोन्ही पद्धतींनी सांगता येतं. पृथ्वी फिरते हे गृहीत धरून अल-सिज्झी या समकालीन विद्वानानं अस्तुरलाब नावाचं यंत्र बनवलं होतं, त्याचंही बिरूनीनं कौतुक केलं. मात्र हा प्रश्न सुटायला अवघड आहे असं तो प्रांजळपणे सांगतो.

बिरूनीनं हिंदुस्थानातच एक सुंदर प्रयोग केला. आज पाकिस्तानात असलेल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावर चढून क्षितिज सपाटीच्या रेषेपेक्षा किती खाली दिसतं ते त्यानं मोजलं. तो कोन 34 कला भरला, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडा जास्त. डोंगराची उंची आणि हा कोन, एवढ्यावरून पृथ्वीची त्रिज्या काढता येते. सिंजारला दोन तुकड्यांना मैलोन्‌मैल चालावं लागलं होतं. इथं एका माणसानं डोंगरमाथ्यावर उभं राहून तेच काम केलं.

आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी. ग्रहणाचं खरं कारण ब्रह्मगुप्ताला माहीत असूनही त्यानं राहूच्या कथेची बाजू का घेतली, असा प्रश्न बिरूनीला पडला. लोकांच्या रोषाची भीती असावी, असं त्याला वाटलं. टीका करतानाही समोरच्याची अडचण समजून घेणारा हा माणूस होता.

ग्रहणांबाबत आपल्या परंपरेतही एक प्रसंग प्रसिद्ध आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे लहानगे पुत्र इब्राहीम वारले त्या दिवशी सूर्यग्रहण झालं. लोक म्हणू लागले की या दुःखामुळंच सूर्य झाकोळला. तेव्हा प्रेषितांनी स्वतः सांगितलं की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या जन्मामुळं किंवा मृत्यूमुळं त्यांना ग्रहण लागत नाही. पुढं इमाम गझालींनीही लिहिलं की ग्रहणाचं जे गणितानं सिद्ध झालेलं कारण आहे, त्याच्याशी धर्माच्या नावानं भांडणं म्हणजे धर्माचंच नुकसान करणं.

मराघा : राखेतून उठलेली वेधशाळा

इ.स. 1258 मध्ये हुलागू खानाच्या मंगोल फौजांनी बगदाद उद्ध्वस्त केलं. पुढच्याच वर्षी, 1259 मध्ये, त्याच हुलागूच्या आश्रयानं आजच्या वायव्य इराणमधल्या मराघा इथं एक मोठी वेधशाळा सुरू झाली. तिचे प्रमुख होते नसीरुद्दीन तूसी. तूसींचं म्हणणं होतं की शनीला एक फेरी पूर्ण करायला जवळपास 30 वर्षं लागतात, तेवढा वेळ तर द्या. हुलागूनं 12 वर्षांत तक्ते पुरे करायला सांगितलं. वेधशाळेचा खर्च वक्फच्या उत्पन्नातून चालायचा. एका राजाच्या मर्जीवर सगळं अवलंबून राहू नये, याचा हा मार्ग होता, आणि हुलागूच्या मृत्यूनंतरही मराघाचं काम चालू राहिलं. दमास्कसहून आलेला मुअय्यदुद्दीन अल-उर्दी, शीराझचा कुतबुद्दीन, शिवाय चीनकडचे जाणकार अशी माणसं तिथं जमली होती.

इक्वंटच्या कोड्यावर तूसींनी एक युक्ती काढली. एक मोठं वर्तुळ घ्या. त्याच्या आत बरोबर निम्म्या व्यासाचं छोटं वर्तुळ कडेला टेकवून ठेवा आणि ते आतल्या आत लोळवत न्या. आता छोट्या वर्तुळाच्या कडेवरच्या एका बिंदूवर नजर ठेवा. तो गोल फिरत नाही! तो मोठ्या वर्तुळाच्या व्यासावरून सरळ रेषेत पुढं-मागं सरकतो. दोन बांगड्या आणि एक पेन घेऊन घरी मुलांना हे करून दाखवता येईल, फक्त एक बांगडी दुसरीच्या निम्मी हवी. याला आज जगभर 'तूसी युग्म' म्हणतात.

यात विशेष काय? केवळ एकसारख्या फिरणाऱ्या गोलांमधून कमी-जास्त होणारं अंतर मिळवता आलं. त्यामुळं टॉलेमीची ती ओढाताण टाळून ग्रहांची गती सांगण्याची वाट मोकळी झाली. अल-उर्दीनंही वेगळ्या भौमितिक पद्धतीनं हाच प्रश्न सोडवला. इब्न अल-हैसमच्या शंकेला सव्वादोनशे वर्षांनी उत्तर मिळू लागलं.

दमास्कसच्या मशिदीतला वेळ सांगणारा

मोठ्या मशिदींमध्ये त्या काळी 'मुवक्कित' नावाचं पद असायचं. नमाजच्या वेळा गणितानं काढणं हे त्याचं काम. दमास्कसच्या उमय्या मशिदीत चौदाव्या शतकात या पदावर होता इब्न अल-शातिर (इ.स. 1304 ते 1375). लहानपणी तो हस्तिदंताचं जडावकाम शिकला होता. मशिदीच्या मिनारासाठी त्यानं 1371 च्या सुमारास संगमरवरी सूर्यघड्याळ बनवलं. नोकरी साधी, पण डोकं आकाशाच्या मूळ रचनेत गुंतलेलं.

त्याला चंद्राची एक गोष्ट खटकत होती. टॉलेमीच्या चित्राप्रमाणं चंद्राचं पृथ्वीपासूनचं अंतर इतकं बदलतं की हिजरी महिन्याच्या सातव्या-आठव्या तारखेचा अर्धा चंद्र कधी कधी चौदाव्याच्या चंद्रापेक्षा जवळपास दुप्पट रुंद दिसायला हवा. असा चंद्र कुणी पाहिला आहे? कुणीच नाही. हजार-बाराशे वर्षं ही चूक पुस्तकात होती आणि तिचा खोटेपणा महिन्यातून दोनदा डोक्यावर टांगलेला होता. इब्न अल-शातिरनं चंद्राचं नवं गणित मांडलं. त्यात इक्वंटसारखी भानगड नव्हती आणि चंद्राचा आकारही प्रत्यक्षात दिसतो तसाच राहत होता. सूर्य आणि ग्रहांसाठीही त्यानं नवी मांडणी केली. मात्र मध्यभागी पृथ्वीच ठेवली.

समरकंदचा उजेड, इस्तंबूलचा अंधार

पंधराव्या शतकात तैमूरचा नातू उलुग बेग यानं समरकंदला वेधशाळा उभारली. तिथलं मुख्य यंत्र म्हणजे सुमारे 40 मीटर त्रिज्येची प्रचंड कमान. तिचा काही भाग जमिनीखाली खोदलेला होता आणि तोच आजही शिल्लक आहे. राजा स्वतः गणिती होता आणि सोबतीला जमशीद अल-काशी, काजीजादा रूमी, अली कुशजी असे सहकारी. त्यांच्या झीजमध्ये 1018 ताऱ्यांची यादी आहे. आधीचे बरेच जण टॉलेमीचेच आकडे थोडे पुढं सरकवून वापरत, इथं बहुतेक तारे नव्यानं मोजले गेले. ही यादी 1665 मध्ये ऑक्सफर्डला छापली गेली.

शेवट मात्र वाईट झाला. 1449 मध्ये उलुग बेगची हत्या झाली, आणि ती त्याच्या स्वतःच्या मुलाच्या इशाऱ्यावरून. वेधशाळा मोडकळीला आली आणि विसरली गेली. तिचे अवशेष सापडले ते थेट 1908 मध्ये. अली कुशजी पुढं इस्तंबूलला पोहोचला. त्यानं लिहिलं होतं की खगोलशास्त्राला ॲरिस्टॉटलच्या तत्त्वज्ञानाचा टेकू लागत नाही आणि पृथ्वी फिरत नाही हे निरीक्षणानं सिद्ध करता येत नाही.

इस्तंबूलमध्ये 1577 मध्ये तकीउद्दीन यानं सुलतान तिसऱ्या मुरादच्या आश्रयानं वेधशाळा सुरू केली. त्याच वर्षी मोठा धूमकेतू दिसला, त्यावरून शुभ भाकीत केलं गेलं आणि ते उलटलं. साथ आली, दरबारातलं राजकारण पेटलं, धर्माधिकाऱ्यांचा विरोध झाला. 1580 मध्ये सुलतानाच्या हुकमानं वेधशाळा पाडण्यात आली. डेन्मार्कमध्ये टायको ब्राहेची वेधशाळा याच वर्षांत उभी राहत होती. टायकोच्या निरीक्षणांवरूनच पुढं केप्लरनं 1609 मध्ये सिद्ध केलं की ग्रह लंबवर्तुळात फिरतात. हे आम्ही मुद्दाम सांगत आहोत. आपल्या इतिहासातलं उजळ तेवढं सांगायचं आणि हातोडा कुणी चालवला ते लपवायचं, हे बरोबर नाही.

गझालींमुळं मुसलमानांचं विज्ञान संपलं, असंही सर्रास म्हटलं जातं. तारखा बघा. गझाली वारले 1111 मध्ये. मराघा, इब्न अल-शातिर, समरकंद हे सगळं त्यानंतरचं. एका माणसाच्या एका पुस्तकानं विज्ञान थांबत नाही. ते थांबतं संस्था मोडल्यावर आणि पुढची पिढी तयार न झाल्यावर.

कोपर्निकसनं काय घेतलं?

1543 मध्ये कोपर्निकसचा ग्रंथ छापला गेला आणि सूर्य मध्यभागी आला. त्या ग्रंथात अल-बत्तानीचं नाव आहे, टोलेडोच्या अल-जरकालीचं आणि इब्न रुश्दचंही आहे. तूसी आणि इब्न अल-शातिर यांची नावं मात्र नाहीत. तरीही तूसी युग्माची युक्ती त्यात आहे. 1957 मध्ये इब्न अल-शातिरच्या ग्रंथाचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा संशोधक चकित झाले. दोघांचं चंद्राचं गणित किरकोळ आकडे सोडले तर एकच होतं.

हे ज्ञान कोपर्निकसपर्यंत कसं पोहोचलं यावर विद्वानांत अजून चर्चा चालू आहे. तो इटलीत शिकला होता, आणि तूसी युग्माची आकृती असलेलं एक ग्रीक हस्तलिखित व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे. म्हणून 'चोरी' असा शब्द वापरणं घाईचं आणि अन्यायाचं होईल. सूर्याला मध्यभागी ठेवण्याचं धाडस कोपर्निकसचं स्वतःचं होतं. मराघात किंवा दमास्कसमध्ये ते कुणी केलं नाही. पण ज्या गणिती अवजारांनी ते नवं चित्र उभं राहिलं, त्यातली महत्त्वाची अवजारं मराघा आणि दमास्कसमध्ये आधीच घडलेली होती, हेही तितकंच खरं.

हिंदुस्थान आणि दख्खन

ही देवाणघेवाण आपल्या मातीतही चालू होती. फिरोजशाह तुघलकाच्या दरबारातल्या महेंद्र सूरी या जैन मुनींनी 1370 मध्ये अस्तुरलाबवर 'यंत्रराज' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. दख्खनमध्ये बहमनी सुलतान फिरोजशाहनं 1407 मध्ये दौलताबादजवळच्या घाटमाथ्यावर वेधशाळा बांधायला सुरुवात केली. हकीम हसन गिलानी यांच्याकडे ते काम होतं, पण त्यांच्या मृत्यूमुळं ते अपुरंच राहिलं असं इतिहासकार फरिश्ता सांगतो. ज्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथं आहे, त्या भास्कराचार्यांच्या 'लीलावती'चा फारसी अनुवाद अकबराच्या दरबारातल्या फैजीनं 1587 मध्ये केला. आणि अठराव्या शतकात सवाई जयसिंहानं जंतरमंतर उभारताना समोर ठेवला तो उलुग बेगचाच आदर्श. त्याच्या फारसी तक्त्यांचं नाव 'झीज-ए-मुहम्मदशाही'. त्याच्याच दरबारात जगन्नाथ सम्राट यांनी टॉलेमीचा ग्रंथ तूसींच्या अरबी आवृत्तीवरून संस्कृतमध्ये आणला.

म्हणजे बघा, संस्कृत 'सिद्धांत' बगदादला जाऊन अरबी झाला आणि हजार वर्षांनी अरबी 'मजिस्ती' जयपूरला येऊन संस्कृत झाला. हे ज्ञान कुठल्या धर्माचं, असा हिशेब करायला बसलो तर हाती काहीच लागणार नाही.

आपण काय घ्यायचं?

या सगळ्या कहाणीत सर्वांत मोठा शोध कोणता, असं कुणी विचारलं तर आम्ही तूसी युग्म किंवा उलुग बेगच्या याद्या सांगणार नाही. आम्ही त्या छोट्या पुस्तकाचं नाव घेऊ, 'टॉलेमीवरच्या शंका'. ज्याच्याकडून शिकलो त्याच्याबद्दल आदर ठेवून त्याची चूक दाखवायची, आणि आपलीही चूक कुणीतरी दाखवेल याची तयारी ठेवायची. बत्तानीनं टॉलेमीला दुरुस्त केलं, इब्न अल-शातिरनं त्याला पुन्हा दुरुस्त केलं, कोपर्निकसनं पृथ्वी हलवली आणि केप्लरनं कोपर्निकसची वर्तुळंही मोडली. कुणीही शेवटचा शब्द बोललेला नाही.

पुढच्या वेळी चांद बघायला गच्चीवर जाल तेव्हा मुलांना सोबत न्या. चंद्राची कोर दिसली की दुआ तर कराच, पण मुलानं "हा दर महिन्याला वेगळ्या जागी का दिसतो?" असं विचारलं तर त्याला गप्प करू नका. उत्तर येत नसेल तर तसं सांगा आणि दोघं मिळून शोधा. दमास्कसच्या मशिदीतल्या त्या मुवक्कितानंही कधीतरी असाच साधा प्रश्न विचारला होता, की पुस्तकात लिहिलेला दुप्पट मोठा चंद्र मला वर का दिसत नाही?